पंगतीतली ओंजळ

ये, बस. डोक्यावर रुमाल बांधलास, चप्पल बाहेर ठेवलीस, पाय धुतलेस. आता कसलीच घाई नाही.

नांदेडला आहोत आपण. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात, सगळ्यांसाठीच्या पंगतीत. गोदावरी इथून जवळच आहे.

लांब पट्टी अंथरली आहे. मांडी घाल. पाठ सरळ असू दे, खांदे सैल सोड.

तुझ्या उजवीकडे कोण आहे? डावीकडे? एखादी आजी असेल, एखादा ट्रकवाला असेल. मार्क किती पडले, हे इथे कुणीच विचारत नाही.

श्वास आत येऊ दे.

जाऊ दे.

पुढ्यात स्टीलचं ताट येतं. कुठेतरी बादलीवर पळी आपटते. डाळीची वाफ नाकाशी येते.

‘प्रशादा, वाहेगुरू,’ म्हणत सेवादार पुढे सरकतो. दोन्ही हात पुढे कर. ओंजळ धर.

थांब. इथेच थांब.

हात बघ. बोटावर शाईचा डाग. एक नख कुरतडलेलं. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं असेल.

हात रिकामे आहेत. असू देत.

शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांना भेटायला येणाऱ्यानं आधी पंगतीत बसायचं, असा रिवाज होता. परंपरा सांगते, अकबरही बसला. बादशहाचे हातही असेच रिकामे, असेच पुढे.

रोटी हातावर पडते. गरम. किती गरम, ते तळव्याला विचार.

पुन्हा एक श्वास.

आता मनात बघ, हळूच. आज तुझ्यासोबत कोण आलं आहे? शीख परंपरेत पाच विकारांची नावं घेतात: काम, क्रोध, लोभ, मोह, अहंकार. यातलं कुणी आहे का? की नुसतीच भीती आहे?

राग असेल तर ‘राग आहे’ एवढंच म्हण. त्याला हाकलू नकोस. त्याच्याशी भांडूही नकोस.

आम्ही मोठी माणसं नेमकी इथे घाई करतो. पोरानं तोंड उघडलं की उपदेश सुरू. चढदी कला, म्हणजे कायम टिकणारी उमेद, शिकवायची म्हणून हसरा चेहरा मागतो. मला हे पटत नाही.

1708 साली शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग याच नांदेडला आले. चारही साहिबजादे, म्हणजे मुलगे, गमावलेला बाप होता तो. चढदी कला अशा घरातली आहे. तिथे दुःखाला दार बंद नव्हतं.

तुझ्याही दुःखाला बसू दे, तुझ्याच शेजारी, याच पट्टीवर.

श्वास आत: वाहे.

श्वास बाहेर: गुरू.

तुझ्या घरी देवाचं दुसरं नाव असेल, तर ते घे. काहीच नको असेल, तर नुसता श्वास घे.

घास तोड. सावकाश चाव.

जेवण झालं? मग ऊठ. पाण्याचा जग उचल आणि पंगतीतून चाल. एक पेला भर. पुढचा भर. पेल्यांकडे बघ, पाणी सांडू देऊ नकोस. तेवढा वेळ स्वतःकडे बघायचं राहून जाईल. चालेल.

आणि तरीही मनावरचं ओझं हललं नाही, रात्री झोप येईना, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर एकट्यानं सोसू नकोस. आईला सांग, ताईला सांग, बाईंना सांग. कुणालाच सांगवत नसेल तर 14416 वर फोन कर. सरकारची टेली-मानस सेवा आहे. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.