हक्कसोड आणि सिलारहमी

पवित्र कुरआनच्या चौथ्या अध्यायाचा, सूरह निसाचा आरंभ लक्षपूर्वक वाचावा असा आहे. पहिल्याच आयतीत अल्लाह मानवजातीला आपले भय बाळगण्यास सांगतो आणि त्याच ओघात रक्ताच्या नात्यांचे भान राखण्याची ताकीद देतो. त्यानंतर सहा आयतींच्या अंतरावर, सातव्या आयतीत, आईवडील व जवळचे नातलग मागे ठेवून गेलेल्या संपत्तीत पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मग ती संपत्ती थोडी असो वा पुष्कळ, असे निःसंदिग्धपणे घोषित होते. नाते आणि वाटा यांच्यामधले हे अंतर इतके थोडे आहे. आपण मात्र या दोहोंना वेगळ्या खोल्यांत ठेवले आहे. नाते ईदच्या दिवशी आणि लग्नकार्यात आठवायचे, वाटा तहसील कचेरीत. किंबहुना वाटा मागितला की नाते तुटते, अशी एक समजूत आपल्या समाजात रूढ झाली आहे. या समजुतीविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या दोन तालुक्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचा हा डोंगरी मुलूख, राजगड, तोरणा आणि रोहिड्याचा. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी एवढी धरणे दोनच तालुक्यांत उभी आहेत, यावरून इथे पाऊस किती आणि सपाट जमीन किती थोडी याची कल्पना येते. ओढ्याच्या कडेने भाताची खाचरे, वर उतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन. चार खाचरांवर घर चालत नसे, म्हणून एक भाऊ गावी राही आणि बाकीचे पुण्या-मुंबईला जात. बहिणी लग्न होऊन कोणी शिरवळला, कोणी साताऱ्याला, कोणी पुण्यात. भोर शहरात आणि आसपासच्या गावांत जी मुस्लिम घरे आहेत त्यांचीही कथा याहून निराळी नाही. जमीन थोडी, माणसे विखुरलेली. त्या जमिनीसाठी भांडावे असे त्यावेळी कोणाला वाटत नव्हते.

आता परिस्थिती पालटली आहे. पुणे शहर सरकत सरकत खेड शिवापूरच्या पुढे आले. धरणांच्या पाण्याकाठी शहरातील लोकांना सुट्टीचे बंगले हवे झाले. पुण्याच्या चक्राकार रस्त्यासाठी भोर तालुक्यातील काही गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जिच्यावर नाचणीसुद्धा नीट येत नव्हती त्या उताराला गुंठ्याच्या हिशेबाने भाव आला. आणि मग वीस-वीस वर्षे कोणी न उघडलेला सातबारा उघडला जाऊ लागला.

उघडल्यावर काय दिसते? वडिलांना जाऊन वर्षे लोटली, परंतु वारस नोंद नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवावयाचे ते कोणी कळवले नाही. खरेदीदाराचा वकील सांगतो की बहिणींच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार निर्वेध होणार नाही. तेव्हा जिची पंधरा वर्षे कोणी विचारपूस केली नव्हती, जिच्या यजमानांच्या आजारपणात कोणी फिरकले नव्हते, त्या साठीच्या बहिणीच्या दारासमोर गाडी उभी राहते. तिला मानाने दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जाते. हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही होते, फोटो निघतो. परतताना एक साडी आणि मिठाईचा डबा.

वाचकहो, या कागदाचे नावच नीट ऐका. ‘हक्क’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. सूरह बनी इस्राईलच्या सव्विसाव्या आयतीत नातलगाला त्याचे जे काही देण्याची आज्ञा आहे तिथे नेमका हाच शब्द आहे. नातलगाला उपकार म्हणून किंवा भेट म्हणून द्या असे तिथे म्हटलेले नाही, त्याचा हक्क द्या असे म्हटले आहे. अल्लाहच्या नावांपैकी एक नाव ‘अल-हक्क’ आहे. असा हा शब्द ‘सोड’ या क्रियेला जोडून आपण एक सरकारी दस्त तयार केला आणि तो बहिणींसाठीच राखून ठेवला. भावाने बहिणीच्या नावे हक्कसोड केल्याचे आपण किती वेळा ऐकले आहे?

यावर उत्तर ठरलेले असते, की बहिणीने राजीखुशीने दिले. राजीखुशी म्हणजे काय, हे इथे थांबून पाहणे भाग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कोणाचीही संपत्ती त्याच्या मनापासूनच्या संमतीवाचून दुसऱ्यास वैध नाही असे शिकवले आहे. आता त्या बहिणीचे मन पाहा. सही केली नाही तर माहेर बंद होईल, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. आईला भेटायला जायचे तर त्याच घरात जावे लागणार. मुलीच्या लग्नात मामा हवा. शेजारीपाजारी म्हणणार, बघा, भावाच्या तोंडचा घास मागायला आली. या सगळ्याच्या बदल्यात ती सही करते. हा सौदा आहे आणि त्यात एका बाजूला तिचा वाटा व दुसऱ्या बाजूला तिच्या आईचा उंबरठा ठेवलेला आहे. माहेर ही विकत घ्यावयाची वस्तू नव्हे, ते तिचेच होते.

म्हणूनच अनेक उलेमांनी अशा प्रसंगी एक सरळ मार्ग सांगितला आहे. प्रथम बहिणीचा वाटा वेगळा काढून तिच्या ताब्यात द्यावा, तिच्या नावाची नोंद व्हावी. त्यानंतर तिने स्वतःच्या मनाने भावाला काही परत दिले तर ती देणगी ठरेल. हाती न आलेल्या वस्तूवर सोडलेले पाणी हे दान कसे म्हणावे? हा मार्ग ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण जमीन एकदा नावावर झाली की बहीण ती परत देणार नाही हे त्यांनाही ठाऊक असते. तिची राजीखुशी किती होती याचा पुरावा त्या आठ्यांतच मिळतो.

हिस्सा किती, हेही अनेकांना माहीत नसते. दफनाचा खर्च, मयताचे कर्ज आणि वैध मर्यादेतील वसीयत फेडल्यावर जे उरते त्याचे वाटप होते. समजा वडिलांची चार एकर म्हणजे १६० गुंठे जमीन आहे, आजी-आजोबा हयात नाहीत, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. पत्नीचा आठवा भाग, २० गुंठे. उरलेल्या १४० गुंठ्यांचे पाच भाग: प्रत्येक मुलाला ५६ आणि मुलीला २८ गुंठे. हिशेब इतका सोपा आहे. हे हिस्से सांगून झाल्यावर कुरआन त्यांना अल्लाहने आखलेल्या सीमा म्हणतो आणि त्या ओलांडणाऱ्याला अग्नीची सूचना देतो. नमाज-रोजाच्या बाबतीत काटेकोर असणारा माणूस या सीमेवर आला की ‘आमच्यात तशी पद्धत नाही’ असे म्हणतो, याचे नवल वाटते. पद्धत तर अरबस्तानातही नव्हती.

उहुदच्या युद्धात सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली आणि तिने आपले गाऱ्हाणे मांडले, की या मुलींची लग्ने आता कशी व्हावीत. वारसाच्या आयती अवतरल्या. प्रेषितांनी त्या काकाला बोलावून घेतले आणि दोन तृतीयांश मुलींना, आठवा भाग त्यांच्या आईला देण्याची आज्ञा केली. उरेल ते त्याचे. काका परका नव्हता, वाईट माणूस होता असेही कोठे म्हटलेले नाही. तो प्रचलित पद्धतीप्रमाणे वागत होता, इतकेच.

काही जण कायद्याचा आधार शोधतात. १९३७ च्या शरीअत अधिनियमाच्या कलम २ मध्ये शेतजमिनीचे प्रश्न वगळलेले आहेत, हे खरे. त्याचा न्यायालयात काय अर्थ होतो ते न्यायालय पाहील. परंतु शरीअत आमच्या घरगुती जीवनाचा प्राण आहे असे व्यासपीठावरून सांगायचे आणि खाचराच्या बांधाशी आले की त्याच अधिनियमातील अपवाद दाखवायचा, हे कोणत्या निष्ठेत बसते? सातव्या आयतीत अपवाद नाही.

आता गावी राहिलेल्या भावाची बाजू. ती खोटी नाही आणि तिची उपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आईवडिलांचे म्हातारपण त्याने काढले. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला तेव्हा वडिलांना भोरच्या दवाखान्यात त्यानेच नेले. पुण्याचा भाऊ पैसे पाठवी, कधी पाठवीतही नसे. रात्री उठून आईला पाणी देणारी त्याची बायको होती. मग वाटणीच्या वेळी सर्वांना सारखेच का, असे त्याला वाटते. कुरआनला हा प्रश्न ठाऊक आहे. वारसाच्या अकराव्या आयतीतच असा आशय आला आहे की तुमच्या आईवडिलांपैकी आणि मुलाबाळांपैकी उपयोगाच्या दृष्टीने तुम्हाला अधिक जवळचा कोण हे तुम्ही जाणत नाही. हिस्से ठरवण्याचा अधिकार सेवेच्या मोजमापावर सोडलेला नाही, कारण ते मोजमाप माणसाच्या हातून नीट होत नाही. त्या भावाची मजुरी अल्लाहकडे आहे, आणि ती गुंठ्यांत मोजता येण्यासारखी नाही. मात्र माझे मत विचाराल तर, ज्यांना सेवा न करता वाटा मिळाला त्यांनी तो हातात पडल्यावर त्या भावजयीच्या कष्टांची आठवण ठेवून स्वखुशीने काही द्यावे. कायद्याने ते मागता येत नाही, म्हणूनच ते देण्यात शोभा आहे.

वडील हयात असतानाच एका मुलाच्या नावे सारे करून ठेवण्याचीही वाट काही घरांत निघते. बशीर (रजि.) यांनी आपला मुलगा नुअमान याला एक देणगी दिली आणि प्रेषितांना साक्षीदार होण्याची विनंती केली. प्रेषितांनी विचारले, इतर मुलांनाही असेच दिले काय? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्ष नाकारली आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. आपल्याकडे बक्षीसपत्रावर साक्षीदार सहज मिळतात.

मराठीत ‘भाऊबंद’ हा किती आपुलकीचा शब्द, आणि त्याचीच ‘भाऊबंदकी’ झाली की तिचा अर्थ भांडण. रोहिड खोऱ्यातील वतनांच्या तंट्यांपासून आजच्या दिवाणी दाव्यांपर्यंत हा शब्द आपल्या मातीत मुरला आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर या भाऊबंदकीला विशेष धार येते. आईवडील असतात तोवर सगळे एका घरी जमतात. ते गेले की जमण्याचे कारण आपल्यालाच निर्माण करावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी वाटणीचा कागद मध्ये येतो. प्रेषितांच्या शिकवणीप्रमाणे समोरचा जोडतो म्हणून जोडणारा हा नाते जोडणारा नव्हे. समोरचा तोडत असताना जो जोडतो तो खरा. सिलारहमीची ही कसोटी कठीण आहे आणि ती बहिणीलाही लागू आहे. वाटा मागण्यात पाप नाही. मात्र वाटा मिळाल्यावर भावाशी बोलणे बंद करण्याची परवानगीही नाही.

हुनैनच्या लढाईनंतर युद्धबंद्यांत एक प्रौढ स्त्री होती. तिने सांगितले, मी तुमच्या प्रेषितांची दूधबहीण आहे. ती शैमा. लहानपणी बनू सअदच्या वस्तीत तिने त्यांना खेळवले होते. प्रेषित (स.) तेव्हा साठीच्या घरात होते. खूण पटताच त्यांनी आपली चादर तिच्यासाठी अंथरली, तिला सन्मानाने राहावयाचे की आपल्या लोकांत परत जावयाचे हे तिच्यावर सोपवले, आणि ती परत जाण्यास निघाली तेव्हा भेटी देऊन पाठवले. पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती, आणि नाते रक्ताचेही नव्हते, दुधाचे होते.

ज्यांच्याकडून हक्कसोडपत्रे पूर्वीच झाली आहेत, त्यांचे काय? जमीन शिल्लक असेल तर बहिणीकडे जाऊन तिला एकांतात, भावजय व मुले समोर नसताना, विचारावे की तिला तिचा वाटा हवा आहे काय. आणि ती ‘नको’ म्हणाली तरी आधी तिच्या नावावर करून मग विचारावे. जमीन विकली गेली असेल तर आलेल्या रकमेतून तिचा हिस्सा काढावा. एकरकमी देणे शक्य नसेल तर तिच्याशी ठरवून हप्त्याने द्यावा आणि ते कर्ज लिहून ठेवावे, कारण आपण मधेच गेलो तर मुलांना ते ठाऊक असले पाहिजे. बहीण हयात नसेल तर तो वाटा बुडत नाही, तो तिच्या वारसांचा होतो. भाचे कुठे आहेत, हे विचारत जावे लागेल. पहिल्या भेटीत ते संशयाने पाहतील, मामा आता कोणती सही मागायला आला म्हणून. कागद पिशवीतून काढण्याआधी त्यांना सांगावे की या खेपेस सही मामाची आहे.