भाडे संपते तेथून पुढे



मुंबईहून नाशिकला येण्याचा कमी खर्चाचा मार्ग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. लोकलने कसाऱ्यापर्यंत यायचे, स्थानकाबाहेर शेअर टॅक्सीत सीट धरायची आणि घाट चढून इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे मागे टाकीत नाशिकला द्वारकेवर उतरायचे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी याच मार्गाने परतत होतो. पाऊस कोसळत होता, घाटात वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि मला पावणेनऊच्या इशाच्या जमाअतीला मशिदीत पोहोचायचे होते.

माझ्या शेजारी एक वृद्ध स्त्री बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, हातात बंद पडलेला फोन. नाशिक जवळ येताच तिने चालकाला विचारले, “बाबा, सरकारी दवाखाना आला की सांगशील ना?” टॅक्सी तिकडे जात नाही, हे तिला माहीतच नव्हते. तिची मुलगी बाळंतपणासाठी सिव्हिलमध्ये दाखल होती आणि जावयाशी दुपारपासून बोलणे झाले नव्हते.

चालकाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मुंबई नाक्याजवळ त्याने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून म्हणाला, “मंडळी, तुमची हरकत नसेल तर आधी मावशींना सिव्हिलला सोडतो. अशा पावसात त्यांना रिक्षा मिळणं कठीण आहे. पण तुम्ही सगळे द्वारकेचे पॅसेंजर आहात, म्हणून विचारतो.”

मागच्या सीटवरील एका विद्यार्थ्याने लगेच होकार दिला. दुसऱ्या एका प्रवाशाने नाराजीचा सुस्कारा सोडला. आणि मी? मी घड्याळाकडे पाहिले. सव्वाआठ वाजले होते. मी नकार दिला नाही. परंतु होकारही दिला नाही. माझे मौन त्या चालकाने संमती समजून घेतले, हा त्याचा चांगुलपणा.

त्र्यंबक रस्त्यावरील रुग्णालयाच्या दारात त्याने गाडी थांबवली. छत्री धरून तो तिला आत घेऊन गेला, प्रसूतीचा कक्ष कुठे आहे याची चौकशी करून तिला तेथपर्यंत पोहोचवले आणि मगच परत आला. तिने देऊ केलेले पैसे त्याने घेतले नसावेत, कारण परतताना तो एवढेच म्हणाला, “भाडं तर कसाऱ्यालाच मिळालं होतं.” द्वारकेवर पोहोचलो तेव्हा त्याचा परतीच्या फेरीचा नंबर निघून गेला होता. मी मशिदीत शिरलो तेव्हा जमाअत उभी होती. मोअज्जिन साहेब इमामत करीत होते. मी शेवटच्या सफमध्ये उभा राहिलो.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझा पाठलाग करीत आहे. त्या चालकाचे कर्तव्य नेमके कोठे संपत होते?

फिकहच्या भाषेत उत्तर सोपे आहे. भाडे ठरले, ठिकाण ठरले, प्रवासी तेथे सुखरूप उतरला की करार पूर्ण झाला. द्वारकेवर तिला उतरवून तो निघून गेला असता, तर कोणताही मुफ्ती त्याला दोषी ठरवू शकला नसता. हा अदल, अर्थात न्याय. परंतु कुरआनच्या सूरह नहलमधील नव्वदाव्या आयतीत अल्लाहने अदलबरोबरच एहसानचाही आदेश दिला आहे. ज्याचे जेवढे देणे आहे तेवढे चुकते करणे हा अदल. देणे फिटल्यानंतरही समोरच्याची गरज पाहून पुढे पाऊल टाकणे हा एहसान. आपण मात्र अदललाच संपूर्ण धर्म समजून बसतो. ‘आमचे काम एवढेच’ हे वाक्य दुकानात, कचेरीत आणि कधी कधी मशिदीच्या दारातही ऐकू येते.

येथे मला इस्लामच्या इतिहासातील एका वाटसरूची आठवण होते. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे पती हिजरत करून मदीनेला गेले, परंतु नातेवाइकांनी त्यांना मक्केतच अडवून ठेवले आणि त्यांचे मूलही हिरावून घेतले. सुमारे वर्षभराने सुटका झाली, मूल परत मिळाले, तेव्हा त्या उंटावर बसून एकट्याच निघाल्या. मक्केबाहेर तनईम येथे त्यांना उस्मान बिन तल्हा भेटले. सोबत कोणी नाही, हे कळताच त्यांनी उंटाची दोरी हाती घेतली. मुक्कामाच्या जागी ते उंट बसवीत आणि दूर जाऊन उभे राहत. त्या उतरल्या की उंट झाडाला बांधीत आणि स्वतः दुसऱ्या झाडाखाली विसावत. निघायची वेळ झाली की पुन्हा उंट आणून दूर होत. चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर त्यांनी असे पार केले. मदीनेजवळील कुबा दिसताच, तुमचे पती याच वस्तीत आहेत, असे सांगून ते आल्या वाटेने मक्केला परतले. त्यांच्याइतका सभ्य सोबती आपण पाहिला नाही, अशी साक्ष उम्मे सलमा (रजि.) यांनी पुढे दिली.

लक्षात घ्या, उस्मान बिन तल्हा तेव्हा मुसलमान नव्हते. त्यांनी इस्लाम स्वीकारला तो हिजरी 8 मध्ये. त्यांच्या घराण्याकडे काबागृहाची किल्ली होती. मक्का विजयाच्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती किल्ली त्यांनाच परत दिली. अमानत तिच्या हक्कदाराकडे सोपविण्याचा आदेश देणाऱ्या सूरह निसाच्या 58 व्या आयतीचा संबंध भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. ज्याने एका असहाय प्रवासी स्त्रीला अमानत मानले, त्याच्या हाती अल्लाहच्या घराची किल्ली राहिली.

आपल्या काळातही याची दुसरी बाजू दिसली आहे. 10 जुलै 2017 रोजी काश्मीरमधील अनंतनागजवळ अमरनाथ यात्रेकरूंच्या बसवर दहशतवाद्यांनी गोळीबार केला. बसमध्ये गुजरात आणि महाराष्ट्रातील भाविक होते. चालक सलीम शेख यांनी गोळ्यांच्या वर्षावात बस थांबवली नाही, ती पुढे नेत राहिले. काही यात्रेकरू मृत्युमुखी पडले, परंतु अनेकांचे प्राण वाचले. जानेवारी 2018 मध्ये त्यांना उत्तम जीवन रक्षा पदक जाहीर झाले. प्रवाशाचा धर्म विचारून अमानत ठरत नाही; तो आपल्या भरवशावर बसला, एवढे पुरेसे असते.

आता त्या टॅक्सीतील दुसरी गोष्ट पाहू, जी माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. चालकाने आम्हाला विचारले. आमचा वेळ हा आमचा हक्क होता. तो परस्पर दुसऱ्याला देऊन टाकणे त्याने योग्य मानले नाही. स्वतःचे इंधन, स्वतःचा नंबर त्याने न विचारता दिला. आमची दहा-पंधरा मिनिटे मात्र आमच्याकडून मागून घेतली. दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान हे दान नव्हे, हे मदरशात मी वर्षानुवर्षे शिकलो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला एका टॅक्सीत पाहायला मिळाले.

परंतु याचा अर्थ असाही होतो की, एका माणसाचा एहसान पुष्कळदा इतरांच्या होकारावर अवलंबून असतो. चालक कितीही भला असला, तरी आम्ही सर्वांनी कुरकुर केली असती तर ती वृद्धा पावसात द्वारकेवर उभी राहिली असती. तेव्हा प्रश्न केवळ चालकाचा उरत नाही; तो मागे बसलेल्यांचाही आहे. माझ्या जागी इमामत करायला मोअज्जिन साहेब होते. त्या मुलीजवळ तिच्या आईच्या जागी बसायला कोण होते? ज्या नमाजसाठी मी घड्याळ पाहत होतो, तीच नमाज मला अल्लाहच्या बंद्यांची काळजी घ्यायला शिकवते. कोणाला त्याच्या जनावरावर बसण्यास मदत करणे, त्याचे सामान चढवून देणे, यालाही प्रेषितांनी (स.) सदका म्हटले आहे. त्या दिवशी मला सामानही उचलायचे नव्हते. केवळ ‘जरूर सोडा’ असे दोन शब्द म्हणायचे होते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेक घरांत कोणी ना कोणी रिक्षा, टॅक्सी किंवा ट्रक चालवतो. घरी उशिरा आलेल्या त्या भावाला, मुलाला, पतीला आज किती कमाई झाली, असे आपण विचारतो. कधीतरी, आज कोणाला पोहोचवले, असेही विचारून पाहा. आणि कोणा गरजूसाठी आपली गाडी थोडी वळणार असेल, तर चालकाने विचारण्याची वाट न पाहता आपणच प्रथम होकार द्या.

अल्लाह आपणा सर्वांना हक्क ओळखण्याची आणि हक्काच्या पुढे जाऊन एहसान करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.