पत्र्यावर नाव कोण वाचणार?



गेल्या गुरुवारी आरतीनंतर आपल्या बडोदा केंद्रात चांगलाच वाद झाला. विषय होता, आफ्रिकेतल्या मलावी देशात एका खेड्यातल्या शाळेला मदत पाठवायची का. तिथे नोकरीला असलेल्या एका साधकाने फोटो पाठवले होते. आंब्याखाली भरलेला वर्ग, जमिनीवर बसलेली शंभरेक मुलं आणि एकच गुरुजी. एका काकांनी स्पष्ट विचारलं, "आपल्या छोटा उदेपूरच्या शाळा सोडून आफ्रिका कशाला?"

प्रश्न खोटा नाही. पण छोटा उदेपूर इथून शंभरेक किलोमीटरवर, आणि तिथे आपण शेवटचं कधी गेलो हे कुणालाच आठवेना. मग सगळेच गप्प.

आमचं ठरत होतं वह्या-दप्तरं पाठवायचं. मुलं दप्तर घेऊन रांगेत उभी, मागे आपला फलक, असा फोटो डोळ्यांपुढे आलाच होता. (तुमच्याही आला असता की नाही, मनाला विचारा.) एवढ्यात तिथल्या मुख्याध्यापकांचा निरोप आला : दप्तरं नकोत, जमलं तर छपराला पत्रे द्या.

त्याचं असं आहे. मलावीत १९९४ साली प्राथमिक शाळेची फी माफ झाली आणि मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. वर्गखोल्या काही त्या वेगाने वाढल्या नाहीत. म्हणून गावोगावी लोक स्वतःच विटा पाडतात, भाजतात, वाळू-पाणी वाहून आणतात. या गावानेही दोन खोल्यांच्या भिंती उभ्या केल्यात. पण पत्र्याला रोख पैसा लागतो, तो कुठून आणायचा? अन् नोव्हेंबरात पाऊस लागला की मातीच्या गाऱ्यातल्या उघड्या भिंती ढासळायला लागतात. केलेली मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

हे ऐकलं आणि खरंच ओशाळल्यासारखं झालं. दाते म्हणून आम्ही इथे चर्चा करत बसलो होतो, आणि त्या आयाबायांनी आपलं दान कधीच देऊन टाकलं होतं. आम्ही तर उशिरा आलेले, तेही शेवटच्या कामाला. आणि काय द्यायचं हेसुद्धा त्यांना न विचारताच ठरवत होतो.

"पत्र्यावर आपलं नाव कोण वाचणार?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला खरा, पण फलकासाठी धरलेले पैसे त्याच बैठकीत पत्र्यांकडे वळवले.

पहिली पावती त्या काकांनीच फाडली. वर म्हणाले, "आता छोटा उदेपूरला कधी जायचं तेही बोला." तारीख अजून ठरायची आहे.