क्रुसाखालचा जुगार आणि हातातला मोबाइल



गुड फ्रायडेला आपण संत योहानाच्या शुभवर्तमानातून प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकतो. त्यात एक लहानसा प्रसंग आहे. शिपाई प्रभू येशूचे कपडे आपसांत वाटून घेतात. अंगरखा मात्र बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला. तो फाडण्यापेक्षा ते त्यावर चिठ्ठ्या टाकतात. वर एक जीव प्राण सोडत आहे आणि खाली सगळ्यांचे लक्ष 'कोणाला लागते' याकडे! त्या शिपायांना राक्षस समजण्याचे कारण नाही. ती आपल्यासारखीच माणसे होती. परंतु खेळात जीव गुंतला की शेजारचे दुःख दिसेनासे होते, हे त्या चार ओळींतून आपल्याला कळते.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण असे. काही दिवसांपूर्वी संध्याकाळच्या मिस्सानंतर एक माउली आपल्या आठवीतल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. हातात बँकेचे पासबुक होते. दोन महिन्यांत त्यातून एकोणीस हजार रुपये गेले होते. कधी ८०, कधी ४००, तर एका रात्रीत पाच वेळा. पैसे आजीच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले. मुलाने आईच्या मोबाइलवरून एका खेळातल्या 'पेट्या' विकत घेतल्या होत्या. "फादर, याने चोरी केली, तुम्हीच समजवा," असे म्हणून ती रडू लागली. आम्ही मुलाला विचारले, "बाळा, एवढे हरलास, मग थांबला का नाहीस?" तो म्हणाला, "फादर, मी हरलो नाय. दरवेळी कायतरी मिळालंच. फक्त पाहिजे ती बंदूक नाय मिळाली."

त्या उत्तरापुढे आम्ही क्षणभर गप्प झालो. न विचारता पैसे घेणे ही चोरीच, आणि ते त्याला आम्ही स्पष्ट सांगितले. पण या व्यवहारात दुसरी बाजूही होती. त्या बाजूला कोण बसले होते?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोबाइलवरचे पुष्कळ खेळ फुकट मिळतात. आत गेल्यावर बंद पेट्या किंवा फिरते चाक असते. खरे रुपये देऊन खेळातली नाणी घ्यायची, नाण्यांनी पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. यालाच 'लूट बॉक्स' म्हणतात. दुर्मीळ वस्तू क्वचितच निघते, बाकी वेळा किरकोळ. काही ना काही निघतेच, म्हणून 'हा जुगार नव्हे' असे विकणारे म्हणतात. आमच्या त्या मुलाने नेमके हेच उत्तर दिले. विकणाऱ्याचा युक्तिवाद तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी आला, आणि तो त्याला कोणी समोर बसवून शिकवलेला नव्हता!

आमच्या लहानपणी शाळेबाहेरच्या दुकानात आठ आण्याला चिठ्ठी मिळायची. फाडली की कधी गोळी, कधी फुगा. मग यात वेगळे काय? दुकानदार आपल्या ओळखीचा होता, खिशातले आठ आणे संपले की खेळ संपायचा, आणि दुकान रात्री बंद व्हायचे. हे दुकान मुलाच्या उशाखाली रात्रभर उघडे असते, आणि रुपयांची नाणी झाल्यामुळे आपण किती खर्च केला हेही त्याला उमगत नाही.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर सर्वांत जास्त चोची मारते आणि दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही, असे त्याला दिसले. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते, आणि ही पेटीही. या धंद्यात फार पैसे उधळणाऱ्या गिऱ्हाइकाला 'व्हेल', म्हणजे देवमासा, म्हणतात. प्रभूने पेत्राला माणसे धरणारा केले ते त्यांना जीवन देण्यासाठी. इथेही माणसे धरली जातात, पण कशासाठी?

जगातील काही सरकारांनी याची दखल घेतली आहे. जपानने २०१२ साली अशा पेट्यांतून संपूर्ण संच गोळा करायला लावणारा 'कोम्पू गाचा' हा प्रकार बंद केला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही प्रसिद्ध खेळांतल्या पेट्या हा जुगारच असल्याचे ठरवले. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट' या खेळाच्या कंपनीने सरकारी आयोगाशी तडजोड करून २ कोटी डॉलर भरण्याचे आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या न विकण्याचे मान्य केले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पेटीतून निघते ते नुसते चित्र. म्हणून केवळ कायद्यावर विसंबून आपल्याला चालणार नाही.

चर्चची शिकवण काय? खेळ हे पाप नव्हे. संत थॉमस अक्विनास यांनी तर मनाला विसावा देणाऱ्या खेळाला सद्गुणात स्थान दिले आहे. नशिबाचा खेळही मुळात अन्याय्य नाही, असे चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४१३) सांगतो. मथियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली होती. पण स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या गरजेचे पैसे खेळात गेले की तो खेळ अनीतीचा होतो, आणि त्याचा नाद गुलामगिरीकडे नेतो, असेही तोच ग्रंथ बजावतो.

संत थॉमस आणखी एक पाऊल पुढे जातात. अन्यायाच्या पैशातून दानधर्म करता येईल का, या प्रश्नाची चर्चा करताना ते जुगाराकडे वळतात. अल्पवयीन मुलांकडून जिंकलेले आणि लोभापायी दुसऱ्याला खेळात ओढून जिंकलेले धन ते अन्यायाचे मानतात. ते परत करायला हवे. त्यातून दानही देता येत नाही. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेले हे विचार आहेत! मुलाची संमती ही पूर्ण संमती नसते, म्हणून मुलाकडून मिळवलेला नफा हा स्वच्छ नफा नव्हे. आमच्या मते या संपूर्ण प्रश्नाचे मर्म इथे आहे. माणूस हे साधन नव्हे, ते साध्य आहे, असे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो. मूल तर नव्हेच नव्हे.

कोणी म्हणेल, "फादर, आपल्या लग्नात आणि फेस्तात हाऊझी चालते, तिचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणे आम्हाला शोभणार नाही. चार माणसे हसतखेळत दहा रुपयांचे तिकीट घेतात तोवर ती करमणूक. परंतु लहान मुलांच्या हातात तिकिटांचे गठ्ठे देऊन 'अजून एक घे' असे आपण म्हणत असू, तर त्यांची पहिली शाळा आपणच आहोत. पुढच्या फेस्ताला आपण याचा विचार करू या.

घरी काय करावे? मोबाइलचा पासवर्ड आणि पैशाचा पिन मुलांना देऊ नका. महिन्यातून एकदा खाते तपासा. मूल काय खेळते ते त्याच्या शेजारी बसून पाहा, 'ही पेटी केवढ्याची?' असे विचारा. चूक झाली तर मारझोड नको, कारण भीतीने मूल गप्प होते आणि पेटी पुन्हा उघडते. आणि आपण स्वतः रात्री जेवताना कोणत्या पडद्याकडे पाहतो, तेही तपासू या.

त्या मुलाने आजीकडे जाऊन स्वतः सगळे सांगितले. आजी म्हणाली, "डोळ्याचं होईल मागून. पोर दिसतंय मला अजून." पैसे परत मिळावेत म्हणून आम्ही त्यांच्यासोबत अर्ज केला आहे, उत्तर यायचे आहे. मुलगा आता सुट्टीच्या दिवशी काकाच्या वाडीत काम करून थोडे थोडे फेडतो आहे.

प्रभूच्या बिनशिवणीच्या अंगरख्यात चर्चच्या आचार्यांनी चर्चच्या ऐक्याची खूण पाहिली. घर म्हणजे लहान चर्च. त्या वस्त्रावर कोणी चिठ्ठ्या टाकत असेल, तर आपण खाली बसून खेळ पाहायचा की मरियेसारखे क्रुसाजवळ उभे राहायचे, हे आपणच ठरवायचे आहे.

प्रभू आपल्या मुलाबाळांचे रक्षण करो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू