तोच हा मोगली?

'तोच हा देवदत्त' हे वाक्य भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला नवे नाही. पूर्वी अन्य गावी, अन्य काळी पाहिलेला माणूस आज समोर येऊन उभा राहतो आणि आपण त्याला ओळखतो. ह्या ओळखण्याला शास्त्रकारांनी प्रत्यभिज्ञा असे नाव दिले. अद्वैती म्हणतात, 'तो' ह्या शब्दाला चिकटलेला तेव्हाचा देशकाल सोडा, 'हा' ह्या शब्दाला चिकटलेला आत्ताचा देशकालही सोडा. उरतो तो देवदत्त एकच. बौद्धांना हे मान्य नाही. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, कापलेली नखे पुन्हा येतात तीही नवीच असतात, तरी आपण 'तीच ज्योत', 'तीच नखे' असे बोलत राहतो. सादृश्याला एकत्व समजण्याची आपली ही सवय आहे, एवढेच. हा वाद मी वर्गात पुष्कळ वर्षे समजावून सांगितला आणि त्यातून कोणाचे मन दुखावेल असे मला कधी वाटले नाही. ते दुखावू शकते हे मला माझ्या घरात कळले, आणि तेही एका कार्टूनमालिकेवरून.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागत असे. निप्पॉन ॲनिमेशन ह्या जपानी संस्थेने १९८९ मध्ये तयार केलेली ही बावन्न भागांची मालिका आपल्याकडे हिंदीत डब होऊन आली होती. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती पलंगाच्या कडेवर बसून मालिका पाही आणि मी शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत डोके घालून बसे. कार्टून ही गोष्ट विचार करण्याजोगी नाही असे माझे त्या वयात ठाम मत होते. मुलगी आता अडतिशीत आहे. दोनतीन वर्षांपूर्वी, तिचा मुलगा आठ वर्षांचा असताना, तिने त्या मालिकेचे जुने भाग कोठून तरी मिळवले आणि एका रविवारी सकाळी मुद्दाम त्याला शेजारी घेऊन बसली. नातवाने दहा मिनिटे पाहिले. मग विचारले, "आई, ह्यांची तोंडं आणि शब्द जुळत का नाहीत?" आणखी थोड्या वेळाने तो उठून गेला. मुलगी पुढला अर्धा भाग एकटीच पाहत बसली होती.

ही एका घरातली किरकोळ गोष्ट आहे, हे मला कळते. पण गेल्या दहाबारा वर्षांत जगभर ह्याच प्रकारच्या दुःखाचा मोठा गवगवा झालेला आपण पाहिला आहे. १९८० च्या दशकातल्या कार्टूनमालिका एकामागून एक नव्याने रचल्या गेल्या. १९८७ ची 'डकटेल्स' २०१७ मध्ये, 'शी-रा' २०१८ मध्ये, 'थंडरकॅट्स' आधी २०११ मध्ये आणि मग २०२० मध्ये पुन्हा, 'ही-मॅन' २०२१ मध्ये. प्रत्येक वेळी, पहिला भाग दिसण्याच्या आधीच, तिशी-चाळिशीतले चाहते आशा आणि धास्ती ह्यांच्या मध्ये उभे असत. नायकाचे चित्र जरा वेगळे काढले म्हणून संताप, शीर्षकगीत कायम ठेवले म्हणून आनंदाश्रू. बाहेरून पाहणाऱ्याला हे बालिश वाटते. मलाही वाटत असे.

ह्या चाहत्यांना नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की जुने तर कोणी नष्ट केलेले नाही. ते काढून पाहा आणि स्वस्थ बसा. हे उत्तर तर्काने बरोबर असूनही समाधान करीत नाही, कारण चाहत्याची तक्रार वस्तूविषयी नसून नावाविषयी असते. 'मोगली' हा शब्द उच्चारला की समोरच्याच्या मनात काय उभे राहील, ह्याची खात्री त्याला असे. ती खात्री नव्या निर्मितीने जाते. भाषेत एखाद्या शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हा जुना अर्थ कोशात शिल्लक असतोच. पण कोशात असणे आणि बोलण्यात असणे ह्यांतला फरक साहित्याच्या माणसाला सांगावा लागू नये.

आता समीक्षकाचा आवडता डाव टाकण्याचा मोह होतो. मूळ म्हणजे काय, असे विचारायचे आणि वंशावळ उलगडून दाखवायची. मोगलीची वंशावळ तर फारच मनोरंजक आहे. १८६५ मध्ये मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये राहून मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानाची कथा लिहिली आणि ती १८९४ मध्ये 'द जंगल बुक' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. पण त्याच्या एक वर्ष आधी छापलेल्या एका कथेत हाच मोगली तरुण वयाचा होऊन इंग्रज जंगल अधिकाऱ्याच्या नोकरीत शिरलेला आहे. म्हणजे स्वतः लेखकानेच त्याला मागे नेऊन पुन्हा लहान केले. किपलिंगचा 'का' नावाचा अजगर मोगलीचा मित्र आणि गुरू आहे. १९६७ च्या डिस्ने चित्रपटात तो कपटी आणि विनोदी शत्रू झाला, आणि पुस्तकात नावालाही नसलेला ओरांगउटान तेथे माकडांचा राजा झाला. पटकथेचे काम सोपवताना डिस्नेने आपल्या लेखकाला पुस्तक हाती दिले आणि ते वाचू नकोस असेही बजावले, अशी कथा सांगतात. जपानी मालिकेत अजगर पुन्हा मोगलीच्या बाजूला आला. २०१६ च्या जॉन फावरोच्या चित्रपटात तो परत उलटला, आणि शेवटी माणसांकडे जाणारा मोगली रानातच राहिला.

ह्याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. माझ्या मुलीच्या पिढीला त्या मालिकेतले सर्वांत 'मूळ' काय वाटते, असे विचारले तर उत्तर एकच येईल: गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेले शीर्षकगीत. जपानी मालिकेत ते नव्हते, असणे शक्यही नव्हते. ज्याला ही पिढी गाभा म्हणून उराशी धरते, ती हिंदीकरणाच्या वेळी घातलेली भर आहे. नाना पाटेकरांचा शेरखान हीदेखील भरच.

वंशावळ येथे संपते आणि समीक्षक विजयी मुद्रेने म्हणतो, मूळ असे काही नसतेच, सगळी रूपांतरेच. काही वर्षांपूर्वी मीही एवढ्यावर थांबलो असतो. आज हा विजय मला स्वस्त वाटतो. सहा वर्षांच्या मुलीला मोगलीची चौथी आवृत्ती भेटलेली नसते. तिला मोगली भेटलेला असतो. बालपणी मिळालेल्या गोष्टीला आधी काही नसते, हेच तिचे बालपणी मिळालेले असणे. इतिहासाने ते खोटे ठरत नाही. माझे आजोबा मला जी रामकथा सांगत, तिच्यात वाल्मीकीत नसलेले पुष्कळ काही होते हे मला पुढे एम.ए.ला कळले, म्हणून काही आजोबांची कथा रद्द झाली नाही.

रामकथेचे नाव आले म्हणून एक आक्षेप विचारात घेतो. आपल्या परंपरेत तर एकच आख्यान शेकडो कीर्तनकारांनी शेकडो प्रकारे लावले. श्रोत्यांनी कधी निषेधाची पत्रे लिहिली नाहीत. मग ह्या कार्टूनांच्या चाहत्यांनाच एवढी असहिष्णुता का? माझ्या मते फरक श्रोत्यांत नाही, सांगणाऱ्याच्या जागेत आहे. कीर्तनकार ज्यांच्यापुढे उभा राही त्यांना कथा आधीच ठाऊक असे. त्याने काही बदलले तर तो त्यांच्या डोळ्यांदेखत बदले, आणि नाही रुचले तर उत्तररंग संपल्यावर एखादा म्हातारा पुढे येऊन बुवांना खडसावू शके. शिवाय त्या आख्यानावर बुवांची मालकी नसे. येथे कथा एका कंपनीच्या मालकीची आहे. ज्याला आठवते त्याच्या हाती काही नाही आणि ज्याच्या हाती सर्व आहे तो आठवत नाही, हिशेब करतो. चाहत्यांच्या धास्तीतला जो भाग मला न्याय्य वाटतो तो हा.

अर्थात हिशेब पहिल्यापासूनच होता. ही-मॅनची खेळणी १९८२ मध्ये बाजारात आली आणि त्यांच्या पाठोपाठ १९८३ मध्ये मालिका आली. खेळणी खपावीत हा तिचा उघड हेतू होता. जाहिरातीवर जडलेले प्रेम खोटे असते काय? मला तसे वाटत नाही. मूल विक्रेत्याच्या हेतूवर प्रेम करीत नाही. पण २०२१ च्या मालिकेत आरंभीच ही-मॅन बाजूला झाला आणि टीला ही स्त्रीपात्र कथेच्या मध्यभागी आली तेव्हा उसळलेल्या रागात स्मृतीचा भाग किती आणि बाईने पुढे यावे ह्याचीच चीड किती, हे तपासायला हवे होते. ते फारसे कोणी तपासले नाही. 'माझे बालपण' ह्या शब्दांच्या आड पुष्कळ काही लपवता येते.

कारण काही बदल करावेच लागतात. 'टॉम आणि जेरी'च्या १९४० ते १९५२ ह्या काळातल्या चित्रपटिकांत घर सांभाळणारी एक कृष्णवर्णीय बाई आहे. तिचे बहुधा पायच दिसतात आणि तिची बोली ही त्या काळच्या अमेरिकन वर्णद्वेषी विनोदाची ठरीव बोली आहे. १९६० च्या दशकात ह्या चित्रपटिका दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी तिच्यातल्या काही प्रसंगांत तिच्या जागी गोरी बाई काढण्यात आली, काही ठिकाणी नुसता आवाज बदलला. हेतू वाईट नसावा. परंतु परिणाम असा झाला की त्या घरातून ती बाई नाहीशी झाली आणि तिला तसे रंगवणाऱ्यांचा अपराधही नाहीसा झाला. २००५ मध्ये निघालेल्या एका संचाच्या आरंभी अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी ह्याउलट भूमिका मांडली: हे चित्रण तेव्हाही चूक होते, आजही आहे, पण ते काढून टाकणे म्हणजे असे काही घडलेच नव्हते असे भासवणे होय. मला हीच भूमिका पटते. आम्ही भारतात ज्या प्रती पाहिल्या त्यांतले पाय कोणाचे होते, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही. आम्ही ती घराची मालकीण समजत होतो.

म्हणून नव्या निर्मात्याकडे मी एवढेच मागेन, की त्याने बदललेले 'बदलले' म्हणून समोर ठेवावे. अजगराला मित्र करा, शत्रू करा, बाईचा आवाज द्या. तुम्ही नवा देवदत्त आणला आहे. तोच हा, अशी आमच्या वतीने ग्वाही देऊ नका. २०१६ चा चित्रपट आपल्याकडे आला तेव्हा नेमकी ही ग्वाही देण्यात आली. अमेरिकन चित्रपटाचा जपानी मालिकेशी काडीचा संबंध नव्हता, तरी हिंदी आवृत्तीच्या प्रचारासाठी ते जुने शीर्षकगीत पुन्हा करवून घेतले आणि शेरखानाला पुन्हा नाना पाटेकरांचा आवाज दिला. एका वस्तूची आठवण दुसऱ्या वस्तूच्या तिकिटावर छापली गेली. कथेतल्या साऱ्या फेरफारांपेक्षा मला हे अधिक आक्षेपार्ह वाटले आणि मी तसे मुलीला म्हणालोही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा पेपर वाचत होतात. अंधारात तो आवाज आला तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हांला नाही कळायचं." ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्याच्याजवळ 'तो' नाही त्याने 'तोच हा' विषयी निवाडा देऊ नये, असा तिचा मुद्दा होता, आणि प्रत्यभिज्ञेच्या दृष्टीने तो बिनतोड आहे.

मात्र तोच मुद्दा तिच्या मुलालाही लागू पडतो, आणि त्या रविवारी सकाळी ती ज्याने दुखावली ते हेच होते. मुलाजवळ 'तो' नव्हता. फक्त 'हा' होता, आणि 'हा' त्याला संथ वाटला. आईबापांची खरी आशा आपली आवडती गोष्ट मुलाला दाखवण्याची नसते; ती पाहताना आपल्याला जे झाले ते मुलालाही व्हावे, अशी असते. वस्तू देता येते. ओळखण्याचा आनंद हा अगोदरच्या भेटीवाचून कोणाला कसा देणार? नव्या निर्मितीचे दुकान ह्याच अशक्य आशेवर चालते. आईला ओळख विकायची आणि मुलाला नवलाई, एकाच तिकिटात.

नातू आता मोठा झाला आहे. २०१६ चा चित्रपट त्याने घरी इतक्यांदा पाहिला आहे की बल्लू अस्वलाची वाक्ये तो आधीच म्हणतो. मध्यंतरी त्याने अँडी सर्किसचा २०१८ चा मोगली पाहिला. तो चित्रपट पुष्कळच काळोखी आहे, त्यातल्या प्राण्यांच्या अंगावर जखमांचे व्रण आहेत आणि एक पांढरे लांडग्याचे पिल्लू शिकाऱ्याच्या हातून मरते. नातू मध्येच बाहेर आला आणि रागाने मला म्हणाला, "आजोबा, हा खोटा मोगली आहे." मी त्याला बौद्धांचे मत सांगितले नाही.

त्याच संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी ते शीर्षकगीत गुणगुणत होता. मुलगी पोळ्या करता करता पुढची ओळ म्हणाली. तो चकित होऊन तिच्याकडे पाहू लागला. "तुला हे कसं येतं? हे तर माझ्या पिक्चरचं गाणं आहे." मुलीने माझ्याकडे पाहिले, तव्यावरची पोळी उलटली आणि दुसरे कडवे सुरू केले.