हुशार आहे, पण…

मराठी शाळांमधलं सगळ्यात जुनं निदान तीन शब्दांचं आहे: ‘हुशार आहे, पण…’ पुढे ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’, ‘धांदरट आहे’, ‘वह्या पूर्ण करत नाही’ यांपैकी काहीही येतं. पिंपरी-चिंचवडच्या रावेतमधल्या नव्या टॉवरांतल्या घरांतही हेच वाक्य ऐकू येतं, फक्त सभोवतीचे तपशील बदललेत. सातवीतलं मूल कृष्णविवरांबद्दल तासभर बोलतं, बुद्धिबळात वडिलांना हरवतं, आणि सोमवारी द्यायच्या विज्ञान प्रकल्पाची आठवण त्याला रविवारी रात्री नऊला होते. मग कार्डशीटसाठी कुठलं स्टेशनरीचं दुकान उघडं आहे याचा शोध सुरू होतो. शाळेची सूचना दप्तराच्या तळाशी, गेल्या आठवड्याच्या डब्याच्या झाकणाखाली, चुरगळून पडलेली असते. या ‘पण’ला आता इंग्रजीतून भारदस्त नाव मिळालंय, एक्झिक्युटिव्ह फंक्शन, आणि त्यावर मार्गदर्शन करणारा नवा पेशाही उभा राहिलाय. हे जुन्याच आळसाला चढवलेलं नवं लेबल आहे, की खरंच काही नवं कळलंय, हे पाहायचं तर बुद्धिमत्तेच्या कल्पनेचा प्रवास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

आपल्या भाषेत ‘हुशार’ आणि ‘शहाणा’ हे शब्द कधीच एक नव्हते. एकदा ऐकलेलं मुखोद्गत करणारा तो एकपाठी. त्याचं कौतुक व्हायचं. पण इतिहासात मराठी माणसाने ज्यांना शहाणे म्हणून लक्षात ठेवलं ते साडेतीन जण, सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणवीस, सगळे कारभारी होते. काय आधी, काय नंतर, काय आत्ता बोलायचं नाही, हे ज्यांना कळतं ते शहाणे. नाना अर्धे का, तर ते तलवारीचे नव्हते म्हणून; हिशेबात ते पुरे सोळा आणे होते. एक्झिक्युटिव्ह फंक्शनला मी म्हणूनच डोक्यातला कारभारी म्हणतो. मानसशास्त्रात 2000 साली मियाके आणि सहकाऱ्यांनी या कारभाऱ्याची तीन कामं वेगळी करून दाखवली: मनात धरलेली माहिती ताजी करत राहणं, पहिली ऊर्मी आवरणं, आणि एका कामावरून दुसऱ्यावर मन वळवणं. नियोजन, वेळेचा अंदाज, सुरुवात करणं, शेवटाला नेणं हे सगळं याच तिन्हींच्या जिवावर चालतं. ही तीन कामं बुद्ध्यंकाशी थोडीफार जोडलेली असली तरी बुद्ध्यंक म्हणजे ती नव्हेत.

हे उमगायला विसाव्या शतकाने मात्र बराच वेळ घेतला. 1921 मध्ये कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मनने बुद्धिमापन चाचण्यांनी दीड हजारांहून अधिक मुलं निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा पाठपुरावा सुरू केला. बुद्ध्यंक मोठा म्हणजे माणूस मोठा, अशी तेव्हाची श्रद्धा होती. विल्यम शॉकली आणि लुई अल्व्हारेझ ही दोन मुलं या निवडीत बसली नाहीत, आणि पुढे दोघांनीही भौतिकशास्त्रातलं नोबेल मिळवलं. हा किस्सा सगळे सांगतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट 1947 च्या खंडात आहे. टर्मनने आपल्याच गटातले सर्वांत यशस्वी दीडशे पुरुष आणि सर्वांत कमी यशस्वी दीडशे पुरुष यांची तुलना केली. बुद्ध्यंकात फारसा फरक नव्हता. फरक होता तो चिकाटीत, ध्येयाच्या दिशेने स्वतःला बांधून घेण्यात आणि आत्मविश्वासात. आता, यशाची व्याख्या टर्मनची होती, बायका तुलनेत नव्हत्याच, आणि यशस्वी गटातल्यांची घरंही अधिक शिकलेली होती. तेव्हा हा काही अंतिम पुरावा नाही. पण बुद्ध्यंकाच्या सर्वांत मोठ्या भक्तालाच स्वतःच्या आकड्यांत कारभारी सापडला, हे विसरता येत नाही. त्याआधीच मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ सांगत होती की 140 बुद्ध्यंकाच्या मुलाचा शाळेतला निम्मा वेळ वाया जातो. म्हणजे अशा मुलाला रोज निम्मा दिवस काहीच न करण्याचं शिक्षण मिळतं, तेही सात-आठ वर्षं. पुढे 1978 मध्ये जोसेफ रेन्झुली यांनी प्रतिभेची तीन वर्तुळं मांडली: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाशी बांधिलकी. तिसरं वर्तुळ हा त्या ‘पण’चाच सन्मान होता.

रेन्झुलींच्या आधी पुण्यात हीच वाट चोखाळली जात होती. आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि 1969 मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला. निवडीचा पाया मानसशास्त्रीय होता. गिलफर्डच्या प्रतिमानावर, म्हणजे बुद्धी एकसंध नसून अनेक क्षमतांची बनलेली आहे या विचारावर, प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत उषाताई खिरे आणि सहकाऱ्यांनी चाचण्या घडवल्या. पण निवडलेल्या मुलांना प्रबोधिनीने नुसतं पुढच्या इयत्तेचं गणित दिलं नाही. प्रकल्प, अभ्यासदौरे, ढोल आणि बरची दिली. गणपतीच्या मिरवणुकीतलं बरचीचं पथक म्हणजे काय, तर सरावाच्या तारखा, काठ्यांची मोजदाद, पाण्याची सोय, कोण कुठल्या रांगेत, आणि चुकलेल्याला रागावायचं की नाही याचा भर रस्त्यातला निर्णय. त्या वेळी याला कोणी मेंदूचं कार्य म्हटलं नसेल. संघटन म्हणत असत. रावेतहून काही मिनिटांवर, निगडीत, याच संस्थेचं नवनगर विद्यालय आहे. हा विचार पिंपरी-चिंचवडला परका नाही.

माझं म्हणणं असं, की हुशार मुलाचा कारभारी कच्चा राहतो तो बहुतेकदा त्याला कधी कामावरच बोलावलं जात नाही म्हणून. ज्याला उत्तर वाचताक्षणी दिसतं, त्याने पायऱ्या कशाला लिहाव्यात? ज्याची परीक्षा आदल्या रात्री निघते, त्याने वेळापत्रक कशाला करावं? त्याची चालढकल हा अनुभवातून आलेला, आणि तोवर अगदी बरोबर ठरलेला, हिशेब असतो. नववी-अकरावीला काम अचानक जड होतं आणि हा हिशेब कोसळतो. शिवाय वयाचाही मुद्दा आहे. 2006 मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की अतिशय बुद्धिमान मुलांमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी सुमारे 11 व्या वर्षापर्यंत वाढत राहते, सरासरी मुलांमध्ये ती बरीच आधी कळसाला पोचते. एका अभ्यासावर इमले बांधू नयेत, पण ‘एवढा हुशार, मग एवढंही कसं कळत नाही?’ हा पालकांचा प्रश्न विचारण्याआधी थांबायला तो पुरेसा आहे. बुद्धी पुढे धावते म्हणून कारभारही पुढे धावेल, असं नाही.

म्हणूनच हुशार मुलांसाठीचे समृद्धीचे (एन्रिचमेंटचे) वर्ग एकीकडे आणि नियोजनाचं मार्गदर्शन दुसरीकडे, ही विभागणी मला मान्य नाही. स्क्रीनवरचे स्मरणशक्तीचे खेळ मूल त्या खेळांपुरतं तरबेज करतात, अभ्यासात फारसं उतरत नाहीत. 2013 मध्ये मेल्बी-लेर्व्हाग आणि हुल्म यांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष साधारण हाच. रंगीत प्लॅनर विकत घेऊन दिला तर तो तिसऱ्या आठवड्यात दप्तराच्या तळाशी जातो, त्या सूचनेच्या शेजारी. कारभारी लागतो तो राज्य मोठं असेल तर. रावेतचंच उदाहरण घ्या. इथल्या बंधाऱ्यावरून पवनेचं पाणी उचललं जातं आणि निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध होऊन शहराला जातं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत या पाण्याचा गढूळपणा कसा बदलतो, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला नीट पकडू शकतो. दर रविवारी तीच जागा, तीच बाटली, मोठं माणूस सोबत, बाटलीवर तारीख, त्या दिवशी धरण क्षेत्रात पाऊस किती, याची वहीत नोंद. दुसऱ्याच आठवड्यात कळतं की पहिल्या बाटलीवर तारीख लिहायची राहिली आणि तो नमुना बाद. ही चूक मार्गदर्शकाने आधी दाखवायची नसते. ती झाल्यावर एवढंच विचारायचं: ‘पुढच्या वेळी हे विसरायला होऊ नये म्हणून काय करशील?’ उत्तर मुलाचं हवं, मग ते दारावर चिकटवलेलं चिटोरं का असेना. मार्गदर्शन म्हणतात ते हेच, आणि अवघड कामाशिवाय ते करता येत नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला: हे तर आजीही सांगत होती, रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर समास लिहिला, अक्षर कसं, समास किती सोडायचा, सगळं; नवं काय? नवं एवढंच, की आजी ते गुणदोष म्हणून सांगत होती आणि आपण ते कौशल्य म्हणून शिकवू शकतो. दोषाला शिक्षा होते. कौशल्याला सराव लागतो. दुसरा आक्षेप रामानुजनचा: कारभारी नसलेली प्रतिभाच खरी. रामानुजन कुंभकोणमच्या कॉलेजात गणितात इतका बुडाला की इंग्रजीत नापास होऊन शिष्यवृत्ती गमावून बसला. पण त्याला मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये नारायण अय्यर भेटले आणि 1913 च्या पत्रानंतर केंब्रिजचे हार्डी. कारभार दुसऱ्यांनी सांभाळला. ज्यांना असे लोक भेटले नाहीत त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, हाच या आक्षेपाचा दोष. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: ही श्रीमंत टॉवरांतली चैन आहे, आणि शेजारच्या वस्तीतल्या हुशार पोराकडे बघायला कोणी नाही. खरं आहे. 2018 मध्ये लहान मुलांचा संयम जोखणाऱ्या मिशेलच्या प्रसिद्ध मार्शमॅलो प्रयोगाची मोठ्या गटावर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर संयमाचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराच पातळ झाला. म्हणजे कारभारी घरातूनही येतो. पण त्याचा अर्थ हे शिकवणं शाळेचं काम आहे, खासगी तासिकेचं नव्हे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही प्रकल्पाधारित मंडळं शाळांच्या पातळीवर काढायला सांगितलं आहे. एक सावधगिरी मात्र हवी. काही हुशार मुलांना खरोखर एडीएचडी असतो आणि बुद्धी तो वर्षानुवर्षं झाकते. तिथे तज्ज्ञाकडेच जायला हवं, प्रकल्पाने भागत नाही.

या पट्ट्यातल्या पालकांना एक गोष्ट सांगायला नको. आकुर्डी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर कामगाराच्या स्मरणशक्तीवर कोणी विसंबत नाही. जागेवर रेघ आखलेली असते, हत्याराची सावली फळ्यावर रंगवलेली असते, पाळी बदलताना नोंद लिहून दिली जाते. तिथे कुणाला ‘हुशार आहे, पण…’ म्हणत नाहीत, व्यवस्था सुधारतात. घरी आल्यावर मात्र तेच गृहस्थ मुलाला म्हणतात, ‘एवढंही लक्षात राहत नाही?’ शिक्षकांना विनंती एवढीच: पुढच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण’ लिहाल तेव्हा पुढे मुलाचा दोष लिहू नका; त्याला कोणतं काम द्यायचं आपल्याकडून राहिलं, ते लिहा.