देह कोणाच्या मालकीचा?

व्यायाम ही ज्याच्या त्याच्या खुशीची बाब आहे, असे मत सुशिक्षित समाजात सर्रास ऐकू येते. देह माझा, तेव्हा तो राखावा की झिजू द्यावा हे मीच ठरवणार, असा हा युक्तिवाद. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु आजाराचा भार वाहतो कोण, असे विचारताच त्याचे बळ ओसरते. कर्ता पुरुष अर्धांगाने अंथरुणास खिळला, म्हणजे रात्री जागतात त्या पत्नी आणि मुली. देह एकाचा, पण दुखणे साऱ्या घराचे. तेव्हा देहावरील आपला हक्क हा मालकाचा नसून विश्वस्ताचा आहे, असेच म्हणावे लागते.

अर्थात सर्वच दुखणी आळसातून उद्भवत नाहीत, आणि रोग्यालाच दोष देणे हा क्रूर न्याय होय. तरीही बैठ्या जीवनाचा हृदयविकाराशी संबंध आहे, याची साक्ष लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी दिली. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हा विकार कमी आढळला. या दोन वर्गांतील इतर भेदांची पुढे चर्चा झाली. पण नंतरच्या अनेक पाहण्यांनी मूळ निष्कर्षास दुजोराच दिला.

‘वेळ नाही’ ही सबब मात्र फारशी टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचविला. यांतील १५० मिनिटे म्हणजे रोजची सुमारे बावीस. आरंभ दहा मिनिटे चालण्याने करावा. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, इतकी गती पुरे. मग हळूहळू वेळ वाढवावा, बैठका वा सूर्यनमस्कार जोडावेत. हृदयविकार असेल किंवा श्रमाने छातीत दुखत असेल, तर प्रथम डॉक्टरांस विचारावे. थोडे करणे हे काहीच न करण्याहून केव्हाही बरे.

परंतु खरा पेच याच्या पुढे आहे. पहाटे फिरावयास निघालेल्या गृहस्थास हा मोकळा वेळ दिला कोणी? घरात पाणी, चहा, मुलांचे डबे सांभाळणारी कोणी आहे, म्हणून तो निश्चिंतपणे बाहेर पडतो. तिच्या व्यायामाचा विषय निघाला, की ‘घरकाम हाच तिचा व्यायाम’ असे उत्तर तयार असते. घरकामात श्रम आहेत, आणि देहाच्या हिशेबी ते जमाही होतात, हे खरे. पण त्यात मोकळी हवा नाही, आणि ते थांबविण्याची मुभाही नाही. जो श्रम नाकारता येत नाही, त्यास व्यायाम म्हणणे ही केवळ आपली सोय आहे.

कुटुंबाचे ऋण म्हणून जो देह राखतो, त्याने ते ऋण अर्धेच फेडून भागणार नाही. एक दिवसाआड सकाळचा चहा आणि डबे त्याने आपल्याकडे घ्यावेत, आणि त्या दिवशी फिरावयास तिने जावे. व्यायामाची सुरुवात पुष्कळ घरांत पायांपासून नव्हे, तर या वाटणीपासून करावी लागेल.